बगॅसचा काढा आणि यीस्टचा हिशेब : प्रकल्प नोंदी

७ डिसेंबर २०२३

बातमी आली: चालू इथेनॉल वर्षात उसाचा रस किंवा सिरप इथेनॉलकडे वळवायचा नाही, केंद्राचा आदेश. बी-हेवी मळीचे, म्हणजे साखर पूर्ण न काढलेल्या मळीचे, आधी ठरलेले पुरवठे तेवढे चालू राहतील. संध्याकाळी काकांचा फोन. काका म्हणजे आयुष्यभर आसवनीत केमिस्ट म्हणून राबलेले, आता निवृत्त, आमच्या प्रकल्पाचे बिनपगारी सल्लागार. "आता तुमच्या चिपाडाला दिवस आले म्हणायचे, पोरी." मी म्हटलं, चिपाड आजच बॉयलरमध्ये जळून वीज देतंय, ते आम्हाला कोण देतंय! कोल्हापूर-सांगलीकडे सहवीज प्रकल्प नसलेला मोठा कारखाना शोधावा लागेल. बगॅस, म्हणजे हे चिपाड, फुकट पडलेला कचरा नाही. त्यापासून इथेनॉल करायचं तर त्यातली साखर वाया घालवून चालणार नाही, आणि नेमकं तिथेच यीस्ट अडतं.

प्रकल्पाचं शीर्षक फाइलवर लांबलचक आहे. आमच्या बोलीत इतकंच: बगॅस आम्लात शिजवला की साखरेबरोबर जे विष उतरतं, त्यात यीस्ट कसं तगतं आणि त्याला तगायला आपण काय हातभार लावू शकतो.

१३ डिसेंबर

बगॅस आला. शेवटच्या मिलमधून पडलेला, ताजा, निम्मं वजन पाण्याचं. वाळवून, दळून, चाळून डब्यात भरला. कोरड्या बगॅसमध्ये ढोबळमानाने ४० ते ४५ टक्के सेल्युलोज, २५ ते ३० टक्के हेमिसेल्युलोज, २० टक्क्यांच्या वर लिग्निन, उरलेली राख वगैरे. आमचा नमुना त्याच पट्ट्यात बसला, राख मात्र जरा जास्त. माती. यंदा तोडणी यंत्राने झालेला ऊस जास्त आहे म्हणतात.

१९ डिसेंबर

लिटरला १०० ग्रॅम बगॅस, दीड टक्का सल्फ्यूरिक आम्ल, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर तासभर. झाकण उघडल्यावर प्रयोगशाळेतले मामा दारातूनच म्हणाले, "काय शिजवायला लागलाय वो? काकवी करपली जणू." वास खरंच तसा: गोड, करपट, मागे कडवट बदामाची छटा. ती छटा फरफ्यूरलची.

गाळलेल्या तपकिरी पाण्याला रीतसर नाव हायड्रोलायसेट, पण प्रयोगशाळेत सगळे काढाच म्हणतात. इथेही तेच लिहिणार.

काढ्यात काय उतरलं ते एचपीएलसीने, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने, सांगितलं: झायलोज ही साखर १९ ग्रॅम/लिटर, ग्लुकोज ३, अ‍ॅसिटिक आम्ल ३.२, फरफ्यूरल ०.९, एचएमएफ (फरफ्यूरलचं भावंड) अगदी थोडं. फिनॉलिक द्रव्यं वेगळ्या पद्धतीने मोजायची आहेत.

हे सगळं येतं कुठून, ते ज्युनिअरसाठी एकदा लिहून ठेवते. हेमिसेल्युलोजच्या साखळीवर अ‍ॅसिटिल गट लटकलेले असतात. साखळी तुटताना ते सुटतात आणि अ‍ॅसिटिक आम्ल होतं. सुटलेल्या झायलोजवर आम्ल आणि उष्णता काम करतच राहतात, त्यातून पाणी निघून जातं आणि फरफ्यूरल बनतं. ग्लुकोजचं तसंच एचएमएफ होतं, आणि ते आणखी फुटलं की फॉर्मिक आणि लेव्हुलिनिक आम्ल. लिग्निनच्या तुकड्यांपासून फिनॉलिक. साखर मोकळी करणारा हातच पुढे जाऊन तिचं विष करतो. शिजवणं सौम्य ठेवलं तर विष कमी, पण साखरही कमी सुटते. त्यामुळे विष टाळता येत नाही. फार तर कुठे थांबायचं ते ठरवता येतं.

२६ डिसेंबर

पहिली आंबवण लावली. यीस्ट दोन: एक पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहातून मागवलेलं सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए, दुसरं काकांच्या ओळखीने एका आसवनीच्या मळीच्या फर्मेंटरमधून वेगळं केलेलं. पुढे पहिल्याला 'पुणेकर' आणि दुसऱ्याला 'मळीवाला' म्हणेन. काढ्याचा पीएच ४.५ ला आणला आणि ग्लुकोज बाहेरून घालून ६० ग्रॅम/लिटर केलं, कारण हे यीस्ट झायलोज खात नाही आणि नुसत्या ३ ग्रॅम ग्लुकोजवर काही दिसणार नाही.

काढा इतका काळा की गढूळपणावरून यीस्टची वाढ मोजण्यावर, म्हणजे प्रकाशघनतेवर, भरवसा नाही. म्हणून जुनी, बिनखर्चाची रीत: फ्लास्कचं वजन. ४६ ग्रॅम इथेनॉलमागे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो. वजनातली घट १.०४५ ने गुणली की इथेनॉलचा अंदाज मिळतो. १०० मिलिलिटरमध्ये ६ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे सगळं आंबलं तर घट २.९३ ग्रॅम. त्यापलीकडे काटा गेला तर काट्याकडे बघायचं.

२८ डिसेंबर

साध्या, काढा नसलेल्या माध्यमातले फ्लास्क रात्रीतच उरकले, घट २.६५ च्या आसपास. निम्मा काढा घातलेले दहाएक तास गप्प बसले, मग मुकाट्याने कामाला लागले. पूर्ण काढ्यात पुणेकर अजून हललेला नाही. मळीवाल्याचे पहिले बुडबुडे आज सकाळी, म्हणजे जवळजवळ दीड दिवसाने. पण एकदा सुरू झाल्यावर त्याचा वेग साध्या माध्यमातल्यापेक्षा फारसा कमी नाही, ही गंमत. यीस्ट आजारी असतं तर सगळीकडेच रेंगाळलं असतं. इथे ते आधी थांबतं आणि मग धावतं. त्या थांबण्यात काय चाललंय?

ज्युनिअरचं मत: पेशी मरतात, उरलेल्या वाढून जागा भरतात, त्याला वेळ लागतो. मिथिलीन ब्लूने पाहिलं. मेलेल्या पेशी निळ्या राहतात, जिवंत पेशी रंग क्षपित करून बिनरंगी दिसतात. निळ्या होत्या, पण दहातल्या एखाद्‌दुसऱ्या. बहुसंख्य जिवंत आणि गप्प.

४ जानेवारी २०२४

गप्प बसलेल्या तासांचे नमुने एचपीएलसीवर चढवले. फरफ्यूरल या कॉलमवर चाळीस मिनिटांनंतर कुठे उतरतं, त्यामुळे एकेक नमुना तास खातो. रात्री उशिरापर्यंत बसले. बसल्याचं चीज झालं.

मळीवाला, पूर्ण काढा: सुरुवातीला फरफ्यूरल ०.९. बारा तासांनी ०.६. चोवीस तासांनी ०.३. तिसाव्या तासाच्या पुढे शिखर जवळजवळ दिसेनासं. या सगळ्या काळात ग्लुकोजची रेषा जवळपास आडवी. फरफ्यूरल संपल्यानंतरच ती खाली कोसळते.

म्हणजे लॅग, हा सुरुवातीचा गप्प काळ, रिकामा वेळ नव्हे. बुडबुडे दिसत नाहीत म्हणून आपण त्याला थांबणं म्हणतो. पेशी त्या वेळात फरफ्यूरलचं फरफ्यूरिल अल्कोहोल करत असते, आणि ते तिला कितीतरी कमी बाधतं. एचएमएफचंही तसंच क्षपण होतं. अमेरिकेत पिओरियाच्या कृषी संशोधन केंद्रात २००४ मध्ये ते दाखवलं गेलं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या मंडळींनी २००६ मध्ये त्यामागचं एक विकर (एन्झाइम) पकडलं, एडीएच६. हे विकर एनएडीपीएच वापरतं, म्हणजे क्षपणासाठी लागणारं पेशीचं चलन.

एनएडीपीएच हीच दुखरी जागा. पेशी तो मुख्यतः पेंटोज फॉस्फेट मार्गातून, ग्लुकोज मोडण्याच्या एका आडवाटेतून, मिळवते. त्या मार्गाचं पहिलं पाऊल टाकणारं झेडडब्ल्यूएफ१ हे जनुक काढून टाकलेलं यीस्ट फरफ्यूरलपुढे लवकर हार मानतं. तोच एनएडीपीएच अमिनो आम्लं आणि मेदाम्लं बांधायला लागतो, आणि फरफ्यूरलमुळे पेशीत वाढलेले ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू निस्तरायलाही लागतो. विषावर खर्च झालेला एनएडीपीएच वाढीला मिळत नाही. मग पेशी वाढ थांबवते, आणि मी तर म्हणेन शहाणपणाने थांबवते.

१५ जानेवारी

संक्रांत. इमारतीला कुलूप, इनक्यूबेटर चालू. मामांच्या कृपेने सकाळचं वजन तेवढं घेता आलं.

२३ जानेवारी

आता अ‍ॅसिटिक. या आठवड्यात काढा नाही. साधं माध्यम, त्यात काढ्याइतकंच ३.२ ग्रॅम/लिटर अ‍ॅसिटिक आम्ल, आणि तीन वेगवेगळे पीएच.

या आम्लाचा पीकेए ४.७६, म्हणजे त्या पीएचला निम्मे रेणू फुटलेले असतात. पीएच ४.५ ला जवळजवळ ६५ टक्के रेणू अविघटित असतात, ५.० ला साडेछत्तीस, ५.५ ला जेमतेम १५. अविघटित रेणूवर भार नसतो, म्हणून तो पेशीच्या पटलातून सरळ आत जातो. एफपीएस१ नावाचं ग्लिसेरॉलचं दारही त्याला चालतं. आतला पीएच सातच्या जवळ, तिथे तो फुटतो आणि प्रोटॉन सोडतो. प्रोटॉन बाहेर फेकायला पीएमए१ पंप आहे, पण प्रत्येक फेकीला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, मोजावा लागतो. आत अडकलेला अ‍ॅसिटेट सहजी बाहेर पडत नाही. पेशी धोका ओळखून एफपीएस१ चं दारच काढून घेते: एचओजी१ हे किनेज त्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवतं आणि ते पटलावरून आत ओढून नष्ट केलं जातं. आपल्याच घराचं दार उखडायचं, कारण चोर तिथूनच येतोय!

निकाल अपेक्षेप्रमाणे. ५.५ ला अ‍ॅसिटिक असल्याचं यीस्टच्या गावीही नाही. ४.५ ला सुरुवात उशिरा आणि वेगही शेवटपर्यंत मंद. फरफ्यूरलशी तुलना केली तर फरक डोळ्यात भरतो: तिथे थांबणं आणि मग धावणं, इथे पहिल्यापासून रखडणं. फरफ्यूरल संपतं. अ‍ॅसिटिक संपत नाही, शेवटच्या नमुन्यातही ३.१ होतं. ग्लुकोज आहे आणि हवा नाही तोवर सेरेव्हिसिए त्याला हात लावत नाही.

काकांना फोन केला. त्यांचं म्हणणं, "मळीला आम्ही कायम साडेचारच्या आसपास ठेवायचो. वर गेलं की बॅक्टेरिया माजतात. तुम्ही साडेपाचला चालवणार म्हणताय, चालवा. पण निर्जंतुक न करता चालवून बघा आणि मग मला सांगा." टिपून ठेवते.

२ फेब्रुवारी

दोन्ही विषं एकत्र. सुटं फरफ्यूरल ०.९: मळीवाल्याला सात-आठ तासांचा लॅग. सुटं अ‍ॅसिटिक, पीएच ४.५: मंद, पण चालू. दोन्ही मिळून: तीस तासांपर्यंत काही नाही. बेरीज केली तर इतकं निघत नाही.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी फळ्यावर दोन रकाने काढले, एटीपी आणि एनएडीपीएच. अ‍ॅसिटिक पहिला रिकामा करतं, फरफ्यूरल दुसरा. एटीपी भरून काढायचा तर ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोज मोडण्याचा मुख्य मार्ग, जोरात चालवायला हवं, पण फरफ्यूरल हे अल्कोहोल डिहायड्रोजिनेज आणि पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज या विकरांनाच बाधतं. एनएडीपीएच वाढवायचा तर ग्लुकोज पेंटोज मार्गाकडे वळवावं लागतं, म्हणजे एटीपी मिळवून देणारा माल कमी. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं जातं. पुस्तकात या दोन द्रव्यांचा 'एकत्रित परिणाम' असं एक वाक्य असतं. ते वाक्य मी अनेकदा वाचलं होतं. समजलं ते त्या दोन रकान्यांमुळे.

१२ फेब्रुवारी

काढ्यातलं विष चुन्याने काढायचा प्रयोग. साखर कारखान्याच्या मुलुखात चुना परका नाही, रस निवळायला तो रोज लागतो. काढा गरम करून चुन्याने पीएच १० पर्यंत नेला, धरून ठेवला, गाळला, परत आम्लाने खाली आणला. फरफ्यूरल निम्म्याहून कमी झालं, रंग उतरला, यीस्ट खूश. पण अ‍ॅसिटिक जिथल्या तिथे, कारण कॅल्शियम अ‍ॅसिटेट पाण्यात विरघळलेलंच राहतं. झायलोजही काही गेलं. वर जिप्समचा हा ढीग. चिकट, गाळणीतून न उतरणारा, आणि त्यात अडकलेला गोड काढा. फ्लास्कभर काढ्याला एवढा गाळ, तर कारखान्यात तो टाकणार कुठे?

कोळशाने फिनॉलिक छान जातात, खर्च विचारू नये.

मॅडमचं मत आणि आता माझंही: काढा धुण्यात पैसे घालण्यापेक्षा यीस्ट तयार करण्यात घालावेत. ते फरफ्यूरल स्वतःच काढतं, फुकट काढतं.

२१ फेब्रुवारी

विरजण वाढवून पाहिलं. आतापर्यंत लिटरला अर्धा ग्रॅम कोरडं यीस्ट पडत होतं. आज ३ ग्रॅम. पूर्ण काढा, पीएच ५.५. पाच तासांत फरफ्यूरल संपलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लुकोजही संपलं. विष तेवढंच, वाटून घेणाऱ्या पेशी सहापट.

पुणेकरही या घनतेला चालला. म्हणजे 'हा वाण सोसतो, तो सोसत नाही' असं म्हणताना विरजण किती होतं ते विचारायला हवं. ब्राझीलच्या आसवन्या यीस्ट दर फेरीनंतर गोळा करून, सल्फ्यूरिक आम्लाने पीएच दोनच्या आसपास धुऊन परत वापरतात. तिथे फर्मेंटरमध्ये पेशींची गर्दीच गर्दी असते. पीई-२ सारखे वाण त्या छळातून टिकून वर आलेले.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन, शाळेची मुलं आली होती. काढ्याचे फ्लास्क हुंगायला दिले. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, याला लवंगेचा वास येतोय." बरोबर! मळीवाल्याच्या फ्लास्कला येतो. गवतवर्गीय पिकांच्या भिंतीत फेरुलिक आम्ल भरपूर असतं आणि ऊस त्याच कुळातला. पीएडी१ आणि एफडीसी१ ही जनुकं शाबूत असलेलं यीस्ट फेरुलिकमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि ४-व्हिनाइल ग्वायकॉल बनवतं, त्याचा हा वास. गव्हाच्या जर्मन बिअरला येणारा लवंगी वास तोच. बिअरच्या बहुतेक इतर यीस्टनी मात्र ही जनुकं माणसाच्या जिभेपायी गमावली आहेत. आम्हाला ती हवीत. इथे कुणी चव घेणार नाही.

मुलांना फरफ्यूरलपेक्षा लवंग जास्त आवडली.

११ मार्च

शिकवलेलं यीस्ट. विरजण साध्या माध्यमात न वाढवता आधी २० टक्के, मग ४० टक्के काढ्यात वाढवलं. मग पूर्ण काढा, पीएच ५.५, विरजण मुद्दाम कमी, अर्धाच ग्रॅम, म्हणजे फरक दिसेल. न शिकवलेल्याचा लॅग सोळा-सतरा तास, शिकवलेल्याचा सहा. काढ्यात वाढलेल्या पेशी क्षपण करणारी विकरं आधीच बनवून येतात.

२५ मार्च

धुळवड. प्रयोगशाळेत मीच. निकाल हातात आल्यावर राहवलं नाही.

प्रश्न असा होता: शिकवलेलं यीस्ट बदललं का, की फक्त तयारीत होतं? त्याला साध्या माध्यमात काही पिढ्या आरामात वाढवलं आणि परत काढ्यात टाकलं. लॅग जवळजवळ पूर्वीइतका. जनुकात काही बदललेलं नाही, तयारी होती ती सुटली. महिनोन्‌महिने वाढत्या काढ्यात फिरवून उत्परिवर्तित वाण निवडणं हा वेगळा धंदा. आमच्या मुदतीत तो बसत नाही, आणि गरजही दिसत नाही. दर वेळी विरजण काढ्यातच लावायचं, एवढा नियम पुरेसा आहे. कारखान्यात तर काढा हाताशीच असणार.

५ एप्रिल

पाच लिटरचा फर्मेंटर. बाहेर उन्हाने जीव जातोय आणि चिलरचं पाणी जेमतेम गार. ३२ अंशांवर धरता आलं.

तळाला एक लिटर शिकवलेलं यीस्ट, वरून दोन लिटर काढा वीस तासांत हळूहळू सोडला. तत्त्व साधं: फरफ्यूरल जितक्या वेगाने येईल तितक्या वेगाने ते खाल्लं जावं. टाकीतलं फरफ्यूरल ०.२ च्या वर कधी गेलंच नाही. लॅग असा दिसलाच नाही, पहिल्या तासापासून वायू. अ‍ॅसिटिक मात्र काढ्याबरोबर येत राहिलं आणि साठत गेलं. त्याला हळू सोडल्याचा काही उपयोग नाही, पीएचच सांभाळायला हवा. दोन विषांना दोन वेगळी उत्तरं, हे आता आकड्यांत दिसतंय.

आणखी एक. ग्लिसेरॉलचं शिखर साध्या माध्यमातल्यापेक्षा बुटकं आहे. हवेविना वाढताना यीस्टकडे एनएडीएच, म्हणजे एनएडीपीएचचं भावंड, उरतो. तो मोडायला ते एरवी ग्लिसेरॉल बनवतं. फरफ्यूरलच्या क्षपणात एनएडीएचही खर्च होतो, त्यामुळे तेवढी साखर ग्लिसेरॉलकडे जात नाही. विषाने केलेली ही एकमेव मदत.

१३ एप्रिल

काकांचं आव्हान. निर्जंतुक न केलेला काढा, पीएच ५.५, तीच पद्धत. पहिला दिवस छान. दुसऱ्या दिवशी लॅक्टिकचं, म्हणजे बॅक्टेरियांच्या आम्लाचं, शिखर उगवलं, संध्याकाळपर्यंत दुप्पट. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या मधून दांडक्यांसारखे बॅक्टेरिया. फोनवर काका हसले नाहीत, एवढंच म्हणाले, "पाच करून बघा."

पीएच ५.० ला ३.२ ग्रॅम अ‍ॅसिटिकपैकी अविघटित १.१७ ग्रॅम. ५.५ ला ०.४९ होतं, ४.५ ला २.०६. मधला रस्ता.

१९ एप्रिल

पीएच ५.०, लिटरला ३ ग्रॅम शिकवलेला मळीवाला, हळू सोडलेला काढा, निर्जंतुकीकरण नाही. लॅक्टिक आहे, पण बुटकं आणि वाढत नाही. वेग ५.५ पेक्षा थोडा कमी. ग्लुकोजवर इथेनॉलचा उतारा ग्रॅमला ०.४५, सैद्धांतिक ०.५११ च्या ८८ टक्के. मॅडम म्हणाल्या, हीच अट अहवालात जाईल.

२३ एप्रिल

टाकीत उरलंय झायलोज, जवळजवळ सगळंच. सेरेव्हिसिए त्याच्याकडे बघतही नाही. स्टिपायटिस नावाचं दुसरं यीस्ट मागवलं आहे, ते झायलोज आंबवतं, पण फरफ्यूरल आणि अ‍ॅसिटिकपुढे मळीवाल्याइतकं खमकं नाही. त्यामुळे क्रम ठरलेला: आधी मळीवाल्याने काढा साफ करायचा आणि ग्लुकोज संपवायचं, मग स्टिपायटिस. पण तोवर टाकीत इथेनॉल साठलेलं असेल आणि स्टिपायटिसला तेही फार सोसत नाही. आधी इथेनॉल उडवून घ्यायचं की दोघांना एकत्र सोडायचं, ते सोमवारच्या बैठकीत विचारायचं. एकत्र सोडायचं तर हवेचा प्रश्न येतो. स्टिपायटिसला थोडा ऑक्सिजन लागतो, आणि दिलेला ऑक्सिजन मळीवाला आधी ओढून घेईल.